डेस्मंड तुस्कानोची लायर

कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटार कारखान्यात डेस्मंड तुस्कानोने तीस वर्षं दारं बसवली, पण ती पत्र्याची. हात त्याचा खरा सुताराचा. वसईत बाप चर्चचे बाक करायचा, त्याच्याकडून आलेला. निवृत्त झाल्यावर त्याने बेसमेंटमध्ये करवती मांडल्या आणि शेजाऱ्यांच्या खुर्च्या दुरुस्त करू लागला.

एकदा लायब्ररीतली ईशिता म्हणाली, "अंकल, आमच्या व्हायकिंग प्रदर्शनासाठी लायर कराल? मांडीवर धरून वाजवायचं सहा तारांचं वाद्य."

डेस्मंडने पुस्तकं आणली आणि वाचता वाचता बुचकळ्यात पडला. व्हायकिंगांच्या संगीतातलं उरलं होतं फारच थोडं. तारा टेकवायची शिंगाची नाहीतर अंबरची, म्हणजे दगड झालेल्या राळेची घोडी, मेंढीच्या हाडाच्या बासऱ्या, आणि इंग्लंडमधल्या यॉर्कच्या मातीत सापडलेला एक लाकडी पावा, अजूनही पाच सूर देणारा. पण तारा कोणत्या सुरांत लावायच्या, काय गायचे, हे त्या काळात कोणीच लिहून ठेवलं नव्हतं. त्यांचं गाणं ऐकलेल्या एका अरब प्रवाशाने लिहिलं होतं की ते कुत्र्यांच्या भुंकण्यासारखं, किंबहुना त्याहून वाईट होतं.

हे त्याने बायकोला वाचून दाखवलं. व्हेरॉनिका पोट धरून हसली. "परक्या माणसाने ऐकलं ना! आपल्या डिम्पलच्या लग्नात आम्ही गायलो, तेव्हा जावयाकडच्या लोकांची तोंडं बघितलीस?"

वसईच्या लग्नातली सगळी गाणी व्हेरॉनिकाला पाठ होती. हळदीची, पाणी आणायची, नवरीला निरोप द्यायची. टोरंटोपर्यंत तिला बोलावणी यायची.

त्याच वर्षी थंडीत तिचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून महिना गेला. मग तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल.

"आधी तुझी गाणी रेकॉर्ड करूया," डेस्मंड म्हणाला.

"असल्या घोगऱ्या आवाजात? राहू दे."

तो रोज विचारायचा आणि ती रोज टाळायची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तो खाली लायरला पॉलिशपेपरचं मशीन मारत होता. मशीन थांबवलं, तेव्हा वरून सूर आला. व्हेरॉनिका गात होती. तो फोन घेऊन धडपडत जिना चढला. ती कणीक मळत होती आणि गाणं संपलं होतं. त्याच्या कानावर पडली ती शेवटची ओळ तेवढी.

"पुन्हा म्हण ना!"

"दमले रे. सकाळी निघायच्या आधी म्हणते."

सकाळी रस्त्यावर बर्फ साचलेला. डिम्पल गाडीतून "डॅड, वी आर लेट!" म्हणून ओरडत होती. गाण्याचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

ऑपरेशननंतर व्हेरॉनिका दोन वर्षं होती. पाटीवर लिहून बोलायची. तो लायरवर तिचं त्या दुपारचं गाणं शोधायचा. चुकलं की ती टेबलावर टिचकी मारायची, पण बरोबर काय ते सांगणार कसं? एकदा तिने लिहिलं, 'तिथे सूर थोडा खाली जातो,' आणि लगेच पुसून टाकलं. मग पाटी उलटी ठेवून भाजी चिरायला बसली.

ती गेल्यावर डेस्मंडने वसईला फोन केले. तिच्या मावश्यांनी तेच गाणं म्हणून दाखवलं. शब्द तेच होते. चाल मात्र प्रत्येकीची निराळी होती, आणि व्हेरॉनिकाची चाल एकीकडेही नव्हती.

प्रदर्शन उशिरा का होईना, झालं. डेस्मंडने लायरवर व्हेरॉनिकाचं गाणं जमलं तेवढं वाजवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "वॉज दॅट अ व्हायकिंग साँग?"

"नो, माय डिअर," तो म्हणाला. "व्हायकिंग साँग्ज, नोबडी नोज." त्याने लायर मांडीवरून उतरवून टेबलावर ठेवली. ईशिताने पाण्याचा ग्लास आणून दिला. तो घोट घोट पीत खुर्चीवर बसून राहिला, लोक उठून दुसऱ्या टेबलाकडे जाईपर्यंत.