वानराला खांदा देणारा शंकर मास्तर

निगडीहून शंकरच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर चहा पीत होतो. "आप्पा, बाबा गेले..." एवढंच म्हणाला. त्याला आता महिना होऊन गेला. माझ्याशी तोंडावर भांडणारा तो एकटाच उरला होता. आता भांडायचं कुणाशी?

एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लेले आम्ही. मी तिसरीतून शाळा सोडली, शंकर सातवी पास होऊन चाकणजवळच्या आमच्याच गावात मास्तर झाला. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते, आमच्याकडे मात्र बैल आणि मोट. अशात शंकरनं वर्गात सांगितलं की माणूस आणि माकड एकाच पूर्वजाची लेकरं. संध्याकाळी मारुतीच्या पारावर मी त्याला अडवला. माझे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

"शंकऱ्या, माझ्या बाला माकडाचा वंश म्हनतो व्हय रं?"

"तुझ्या एकट्याच्या न्हाई राव, माझ्या बी बाला म्हनतोय."

लोक हसले. ते मला जास्त लागलं. मास्तरची बदली करा, असा तालुक्याला द्यायचा अर्ज मी लिहवून घेतला. पहिली सही माझी, खाली गावाचे अंगठे.

अर्ज घेऊन निघणार, त्याच सकाळी चिंचेवरून पडून एक वानर मेलं. आमच्याकडे वानर मेलं की माणसासारखी तिरडी बांधतात, गुलाल उधळतात, पुरुष मुंडण करतात. मी पुढून खांदा दिला. मागं कोण म्हणून वळून बघतो तर शंकर! शाळेला सुट्टी देऊन आला होता. नदीकाठी माती दिल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"खांदा दिलास, टक्कल केलंस. एवढं आपन घरच्याचंच करतो की रं."

"देव म्हनून केलं. आजा म्हनून न्हाई."

"आजा म्हटलं की कुठं दुखतं तुला?"

मग मात्र मी बोललो. "देवापुढं वाकायला कमीपना न्हाई. पन चावडीवरची मानसं माझ्या बापाकडं जनावरासारखी बघायची. आमच्यापाशी होतं काय? वर्साकाठी भाट यायचा, पिढ्या वाचायचा, पार सूर्यापतुर. तेवढा एक दिवस बा ताठ बसायचा. ते बी तू काढून घेनार?"

शंकरनं हाताची माती नदीत धुतली. मग म्हणाला, "हे मला पुस्तकात कुठं गावलं न्हाई."

घरी आल्यावर अर्ज मी चुलीत घातला. त्याचं पटलं म्हणून नाही, आजही पटत नाही. पण माझ्या देवाला ज्यानं खांदा दिला, त्याला गावातून काढायचा कोणत्या तोंडानं?

पुढं निगडीला राहायला गेला तरी शनिवारी बसनं यायचा आणि मारुतीमागच्या वानरांना फुटाणे घालायचा. तो गेल्यानंतरच्या शनिवारी वानरं भिंतीवर तशीच ओळीनं बसलेली... मला बघवेना. पुढच्या खेपेला फुटाणे मी नेले. एक म्हातारं वानर जवळ आलं आणि हात पुढं केला. काळ्या तळव्यावर रेघा होत्या, सुरकुत्या होत्या. मी फुटाणे त्याच्या हातावर ठेवले, माझ्या तळव्याकडे नजर गेली आणि मूठ झटकन मिटून घेतली.