चपलांच्या कपाटावरची आमटी

"अगं, तू कशाला त्रास घेतलास? तुला प्लेट्स सांगितल्या होत्या ना?"

असं म्हणत केतकीताईंनी माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर ठेवून दिलं. "राहू दे इथंच. आत जागाच नाहीये बघ."

जपानी घरात दार उघडलं की आधी खोलगट जागा असते. चपला तिथं काढायच्या, मग एक पायरी वर चढून घरात जायचं. त्याच जागेत ते कपाट. वर कुणाच्या तरी पोराचे फुटबॉलचे बूट होते, माती लागलेले. त्यांना टेकून माझं पातेलं. आत येसराची आमटी. गरम. माझ्या आईनं केलेली.

आत टेबलावर जागा होती. मी बघितली ना. मटार पॅटिस आणि दहीवड्यांच्या मधे एवढी होती की मी स्वतः आडवी झाले असते.

आणि मी काय केलं? हसले. "हो हो ताई, राहू दे ना." वर चढले आणि कागदी ताटल्यांची पाकिटं फोडायला बसले.

माझी मुलगी समी दुसरीत आहे. इथंच वाढलीय, मराठी कळतं पण उत्तर निम्मं जपानीत येतं. तिनं माझी ओढणी ओढली. "मम्मा, तिथे शूज असतात. आजीचं जेवण तिथे का? कितानाई." घाण, म्हणाली ती. मी तिला डोळे वटारून गप्प केलं. पोरगी खरं बोलत होती आणि मी तिलाच दाबलं.

टोकियोतल्या निशी-कसाईत आमचा मराठी बायकांचा ग्रुप आहे. नवरे सगळे आयटीत. दर महिन्याला एका शनिवारी कुणा एकीच्या घरी जमायचं, प्रत्येकीनं काहीतरी करून आणायचं, मग खायचं आणि एकमेकींना रेसिपी सांगायची. इथल्या मैद्यात पुरणपोळी कशी जमवायची, दही कसं विरजायचं, मूगडाळीला इथल्या कुकरमधे शिट्ट्या किती. परक्या देशात हे फार मोठं असतं. मला तर शनिवारची ओढ लागायची. कुणी काय आणायचं ते केतकीताई आधी ग्रुपवर टाकतात. त्या सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांत जुन्या, आणि त्यांचे मिस्टर माझ्या नवऱ्याच्या टीमचे मुख्य.

सुरुवातीला मलाही स्वयंपाक यायचा वाट्याला. मी केलेलं भरीत एकदा चाटूनपुसून संपलं होतं. मग एकदा केतकीताई संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला आमच्या घरी आल्या. टीव्हीच्या शेजारी बुद्धाची मूर्ती आहे. "वा, कामाकुराहून आणलीस का?" म्हणाल्या. जपानात बुद्ध काय, जिकडंतिकडं. मग त्यांची नजर वरच्या फोटोवर गेली. निळा कोट, गोल चष्मा. मराठी माणसाला त्या फोटोखाली नाव लिहावं लागत नाही. त्यांनी चहा अर्धा ठेवला. "बरं, निघते गं, मुलं यायची झाली."

त्या महिन्यापासून माझ्या नावापुढं प्लेट्स. पुढच्या महिन्यात ग्लास आणि टिश्यू. मग बर्फ. मग परत प्लेट्स. "तू जॉबला जातेस ना, तुला कुठं वेळ," असं वरून गोड बोलायचं.

मला कळत नव्हतं? सगळं कळत होतं. अंगाला लागलेली सुई कळते तसं कळत होतं. पण मी स्वतःला पटवलं की बरंच आहे, कामाचा ताप कमी. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. आपल्याला काय जन्मभर इथं राहायचंय?" मी जाऊ दिलं. ताटल्या विकत आणत राहिले आणि दुसऱ्यांच्या रेसिपींना मान डोलवत राहिले.

मग माय आली. परभणीकडची माझी आई. पहिल्यांदाच विमानात बसली. येताना कपडे कमी आणि येसर जास्त. आमच्याकडं गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ, धने, मिरच्या, खोबरं वेगवेगळं भाजून दळतात, त्याला येसर म्हणतात. गार पाण्यात कालवायचं, गरम पाण्यात कालवलं की गुठळ्या. मग फोडणीत सोडून उकळी आणायची, वर तेलाचा लाल तवंग आला की झाली आमटी. लग्नाच्या पंगतीचं जेवण. मायनं गावात दुसऱ्यांच्या लग्नात त्या येसराचं धान्य निवडलंय, पाखडलंय. एकदा चुलीवर चढलं की मात्र तिनं लांब उभं राहायचं. आमटी मिळायची, पण पंगत उठल्यावर, वरून ओतलेली.

तिला शनिवारचं कळलं तेव्हा फुलली नुसती. "माझ्या लेकीच्या मैत्रिणी! म्या करते आमटी. त्या काय जन्मात इसरायच्या न्हाईत." मी म्हणू शकले असते, माय, मला स्वयंपाक आणायला सांगत नाहीत. म्हटलं नाही. लाज वाटली. आणि खरं सांगू? वाटलं, मायच्या हातची आमटी बघून त्या विरघळतील. किती खुळी मी!

तर ते पातेलं त्या दिवशी कपाटावरच राहिलं. झाकण कुणी उचललं नाही. निघताना केतकीताईंनी आठवणीनं हातात दिलं. "विसरशील हं."

घरी माय वाट बघत बसलेली. भरलेलं पातेलं घेऊन तिच्यासमोर कसं जायचं? वाटेत बाग आहे, तिथं स्वच्छतागृह आहे, इथली असतात तसं लख्ख. समीच्या हातात झाकण दिलं आणि म्हटलं, बाहेर थांब. आत गेले आणि मायची आमटी कमोडमधे ओतली. वास तोंडावर आला. लग्नघराचा वास. फ्लश दाबला, तरी लाल तेल कडेला राहिलं, म्हणून परत दाबला. थांबले नाही मी. नळाखाली पातेलं विसळलं आणि बाहेर आले. समीनं माझ्याकडं बघितलं आणि झाकण पुढं केलं.

"सरली का गं समदी?" मायनं दारातच विचारलं.

"चाटूनपुसून. रेसिपी मागत होत्या सगळ्या."

अन्नाशी बेइमानी पहिल्यांदा आणि मायशी खोटं पहिल्यांदा, एकाच दिवसात दोन्ही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मायला वाटलं तिकडं पोट भरून खाल्लं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले. स्टेशनजवळच्या सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला तयार पदार्थांचं किचन आहे, तिथं मी पार्टटाइम करते. टोपी, मास्क, हातमोजे घालून बटाट्याचं सॅलड कालवायचं, डब्यात भरायचं, लेबल लावायचं. दुपारी घरी आले तर जिन्यापर्यंत ठसका. मायनं खिडक्या उघडून मिरच्या भाजायला काढल्या होत्या. धुराचा अलार्म ओरडत होता आणि माय त्याच्याकडं लाटणं रोखून उभी. "ह्याला गप कर गं, मघापासून बोंबलायलंय."

एरवी हसून मेले असते. पण माझं लक्ष ओट्यावर गेलं. छोट्या छोट्या पिशव्यांत येसर भरून तोंडं बांधून ठेवलेली. प्रत्येक मैत्रिणीला एक. "रेसिपी मागितली म्हनलीस ना. नुसती सांगून काय हुतंय? हे दे, म्हंजे कालवून करतील बिचाऱ्या."

बिचाऱ्या!

पिशव्या मी आज देते, उद्या देते करत कपाटात ठेवल्या. माय रोज विचारायची. मी रोज नवीन थाप मारायची. खोटं बोलायलाही मायकडूनच शिकायला पाहिजे होतं, तिला येत नाही म्हणून मलाही धड जमत नव्हतं.

एक दिवस मायला घेऊन भारतीय वाण्याच्या दुकानात गेले. तर तिथं केतकीताई. मी रॅकमागं सरकले. माय कशाला सरकतेय? वाण्यानं त्यांना नावानं हाक मारली, आणि मी आवरायच्या आत माय हात जोडून पुढं. "तुमीच केतकीताई का? लेक लई नाव काढती तुमचं. आमटी आवडली म्हनं समद्यांना."

केतकीताईंना क्षणभर कळेचना. मग हसल्या. "ओह, ती आमटी! नाही हो मावशी, त्या दिवशी जेवण इतकं झालं होतं ना, उघडलीच नाही आम्ही. ही परत घेऊन गेली की."

किती सहज बोलल्या. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

मायनं माझ्याकडं बघितलं नाही. पिशवीत पोहे घातले, बाहेर आली. पुलावर आल्यावर म्हणाली, "मग गेली कुटं आमटी?"

मी तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढं केला.

"सांडली?"

"टाकली."

"कुटं?"

सांगितलं. तिला खोटं सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. माय पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली. मला वाटलं रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

"त्यांनी खाल्ली न्हाई त्याचं मला नवल न्हाई," म्हणाली. "जलमभर बघितलंय. पर त्यांनी निदान झाकन तर उघडलं न्हाई. तू उघडून वतलीस."

एवढंच. माझ्या थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं. केतकीताईंनी माझ्या मायचं अन्न चपलांत ठेवलं. मी त्याच्याही खाली नेलं. त्यांना घाण वाटलं ते मी खरंच घाणीत घातलं. त्यांचं काम मी केलं, न सांगता, बिनबोभाट. हे मला त्या पुलावर कळलं आणि माझीच मला किळस आली.

पुढचा शनिवार ओजिमाला होता, श्रुतीच्या घरी. श्रुती ग्रुपमधली सगळ्यांत लहान. ग्रुपवर माझ्या नावापुढं प्लेट्स होत्याच. मी मायला म्हटलं, येसर दे आणि चल माझ्याबरोबर. तिनं येसर दिलं. "म्या येत न्हाई. हे तुझं हाय."

सकाळी लवकर सुपरमार्केटची पाळी उरकून आले आणि आमटी मी केली. मायनं शेजारी बसून बघितली, हात लावला नाही. नवरा म्हणाला, "अगं, नीट विचार कर. त्यांचे मिस्टर..." मी म्हटलं, "केला."

श्रुतीच्या घरी मी कुणाच्या हातात पातेलं दिलं नाही. थेट आत नेलं, दहीभाताचं भांडं बाजूला सरकवलं, मधोमध ठेवलं आणि झाकण काढलं.

"प्लेट्स?" केतकीताई म्हणाल्या.

"नाही आणल्या. आणि यापुढं आणणार नाही. मी आमटी आणलीय. माझ्या घरातला फोटो बघितल्यापासून तुम्ही माझ्या हातचं खाणं बंद केलंत. का, ते आज बोला."

कुणी मोबाइल बघायला लागलं, कुणी पोराचं नाक पुसायला लागलं, वाहत नसलेलं.

"तू काहीतरी चुकीचं घेतेयस हं," केतकीताई म्हणाल्या. "आम्ही असलं काहीच मानत नाही. इथं जपानात कोण मानतं?"

"मग वाढू?"

मी डाव उचलला. त्यांनी वाटीवर हात ठेवला. "आज जरा ॲसिडिटी आहे."

ताटात त्यांच्या अर्धा बटाटेवडा होता. शेजारी बटाट्याचं सॅलड, आमच्या सुपरमार्केटचं. डब्यावरचं लेबल मी ओळखलं.

"ते सॅलड आज सकाळी मी कालवलंय," मी म्हटलं. "हे नेहमी आणता ना तुम्ही? नेहमी मीच कालवते. पोटाला काही झालं का तुमच्या?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. चमचा ताटात ठेवला. इतक्या दिवसांचा गोडवा गेला आणि खालचं दिसलं. "हे फार होतंय," म्हणाल्या आणि पर्स उचलली. दोघी त्यांच्या मागं उठल्या. श्रुतीनं आपली वाटी माझ्यापुढं केली, कुणाकडं न बघता. मी वाढली. मला तिचं कौतुक वाटलं नाही. माझ्या हातात ताटल्या होत्या तेव्हा ती त्याच टेबलाशी बसून जेवत होती.

मग मी स्वतःला वाढून घेतलं. पोळी कुस्करली आणि सगळ्यांच्या मधे बसून जेवले. आमटी थोडी खारट झाली होती.

घरी जाऊन मायला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं." मला तिनं जवळ घेतलं नाही. बागेतलं ती विसरलेली नाही आणि मी तिला विसर म्हणणार नाही. समीला समोर बसवलं आणि त्या दिवशी जेवण चपलांवर का ठेवलं होतं ते सांगितलं. जातीचं नाव घेऊन सांगितलं. या देशात ते नाव मी पहिल्यांदा तोंडातून काढलं. मी आमटी कुठं टाकली ते तिला माहीत होतंच. ते माझं चुकलं, हेही सांगितलं.

काल केतकीताईंनी ग्रुपवर पुढच्या महिन्याचं टाकलं. माझ्या नावापुढं "फ्रूट्स, कापून नको, आख्खी चालतील."

मी खाली लिहिलं: "मी स्वयंपाक करून आणणार. माझ्या हातचं चालत नसेल तर तसं इथं लिहा, स्वतःच्या नावानं, सगळ्यांसमोर."

सगळ्यांनी वाचलंय. अजून कुणी काही लिहिलेलं नाही. वाट बघते आहे मी. त्यांना आता एकतर लिहावं लागेल, नाहीतर खावं लागेल. तिसरी सोय, मुकाट प्लेट्स आणणारी, मी होते. ती मी बंद केली आहे.