परगावी मारलेला गोल

कोल्हापुरात तालमी कुस्तीच्या, पण प्रत्येक तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि सगळे खेळतात एकाच मैदानावर. त्यामुळे ‘आपलं मैदान’ आणि ‘परक्याचं मैदान’ ही भानगडच आम्हाला ठाऊक नव्हती. ती मी आणली. गणिताच्या मास्तरनं!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाळा सुटली की मी वाचनालयात मुंबईचा इंग्रजी पेपर धरून बसायचो. खेळाच्या पानावर, अगदी कोपऱ्यात, युरोपातल्या क्लबांच्या कपाचे निकाल बारीक अक्षरांत छापलेले असायचे. एका देशाचा अव्वल संघ दुसऱ्या देशाच्या अव्वल संघाशी दोन सामने खेळणार, एक घरी आणि एक त्याच्या गावी, आणि दोन्हींची बेरीज करून निकाल. मला त्याचं भारी कुतूहल. शाळेच्या नकाशावर ती गावं शोधायचो. तिथली माणसं दुसऱ्या गावच्या मॅचला कशी जात असतील, रेल्वेनं की आमच्यासारखी ट्रकात बसून, असले विचार डोक्यात चालायचे.

त्या मोसमात एक निकाल आला आणि डोक्याचा पार भुगा झाला. एका संघानं घरी एक-शून्य जिंकलं, परगावी दोन-एक हरलं. बेरीज दोन-दोन. तरी पुढच्या फेरीत हाच गेला! का? छपाईची चूक म्हणावी, तर पुढच्या फेरीतही नाव त्याचंच. ग्रंथपालांना विचारलं, तर ते म्हणाले, “मास्तर, दुसरा उद्योग न्हाय काय तुमाला?” पंधरा दिवसांनी एका बातमीत अर्धी ओळ सापडली : परगावी केलेला गोल दुप्पट धरतात. मी तिथंच पेन्सिलीनं मांडलं. घरचा एक, परगावच्या एकाचे दोन, झाले तीन. समोरच्याचे दोन्ही घरचे, म्हणजे दोनच. जुळलं! काय आनंद झाला म्हणून सांगू.

माझा थोरला भाऊ तालमीच्या संघाचा कप्तान होता. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. शिरोलीला एका फौंड्रीत कामाला. पस्तिशी आलेली, उजवा गुडघा गेलेला, आणि हा शेवटचा मोसम असं डॉक्टरांनी बजावलेलं. इतकी वर्षं खेळून कप्तान म्हणून एकही ढाल त्याच्या हाती लागली नव्हती. “एक ढाल घिऊन मग बसतो की घरात,” म्हणायचा. हसत म्हणायचा, पण त्याला ते फार लागलेलं होतं.

शोध लागला त्या संध्याकाळी मी त्यालाच आधी सांगितला. तो म्हणाला, “मग सासुरवाडीला खाल्लेली भाकरी बी दुप्पट धरत्यात काय रं?”

पण त्याच सुमारास वारणानगरच्या कामगारांच्या एका संघाशी ढालीचा सामना ठरत होता, आणि तो कुठं खेळायचा यावरून हमरीतुमरी सुरू झाली. मी मध्ये पडलो. म्हटलं, दोन्हीकडं खेळा, युरोपात खेळतात तसं. नियम सांगितला. त्यांचा कप्तान म्हणाला, “पावणं, नक्की दुप्पट?”

“छापलंय की पेपरात!” मी म्हणालो. झालं, ठरलं.

पहिला सामना आम्ही वारणानगरला तीन-दोन हरलो. परतताना एस.टी.त सगळे तोंड पाडून बसले होते. मी उभा राहून ओरडलो, “अरं, रडताय काय? आपले दोन म्हंजे चार! आपण पुढं हाय!” अण्णानं मला उचललाच.

दुसरा सामना कोल्हापुरात. आता त्यांचा एक गोल म्हणजे दोन, तेव्हा गोल खायचा नाही एवढंच अण्णानं ठरवलं. सगळा संघ मागं. पाच-सात मिनिटं उरली असताना त्यानं मध्येच चेंडू हिसकावला. पुढं त्यांचा एकटा गोलकीपर, बाकी सगळं मोकळं. लोक बोंबलायला लागले, “मार! मार!” तो दोन पावलं गेला आणि त्यानं कडेला उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. पुढं गेला तर मागं भगदाड पडणार. मी दोन्ही हात हलवून ‘परत ये’ म्हणून खुणावलं. त्यानं चेंडू बाहेर मारला. शून्य-शून्य. गुलाल, हलगी, आणि ढाल घेतलेला अण्णा पोरांच्या खांद्यावर.

दोन महिन्यांनी वाचनालयात विलायतेहून बोटीनं येणारं मासिक आलं. त्यात तो नियम सबंध छापला होता. दोन्ही सामन्यांची बेरीज सारखी झाली, तरच परगावच्या गोलाला जादा मोल. नाहीतर गोल तो गोल. आमची बेरीज दोन-तीन. म्हणजे आम्ही सरळ सरळ हरलो होतो. एका उदाहरणावरून सूत्र मांडणाऱ्या पोराला मी वर्गात खडू फेकून मारत असे. माझी मला इतकी लाज वाटली की मासिक तिथंच टाकून मी घरी आलो.

अण्णा गुडघ्याला तेल चोळत बसला होता. सगळं सांगितलं. वाटलं, आता कानाखाली बसणार.

“म्हंजे ढाल त्यांची,” तो म्हणाला.

“नियम आधी ठरलावता, अण्णा. त्यांनी कबूल केलता.”

“तुझ्या सांगण्यावर केलता. उद्या दिऊन येतो.” त्यानं उठून ढाल खुंटीवरनं काढली. मग थांबून विचारलं, “मग खऱ्या नियमानं जिंकायला काय पायजे हुतं?”

उत्तर मला येत होतं. एक-शून्य झालं असतं तर बेरीज तीन-तीन, आणि परगावचे गोल आमचेच दोन.

“एक गोल,” मी म्हणालो.

“एकच?”

“एकच.”

“मोकळं हुतं रं सगळं,” तो म्हणाला. “तू हात केलास म्हनून फिरलो.”

आणि तो ढाल पेपरात गुंडाळायला लागला. मी सुतळी घेऊन पुढं झालो.

“तू ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला.