भिजलेली पिशवी

त्या छोट्या विमानतळावरच्या वायरलेसवाल्याला सगळे भोंगा म्हणत, कारण माइक ही वस्तू त्याला केवळ शोभेला होती. खिडकीतून वारा दाखवणारी कापडी पिशवी बघायची आणि उतरणाऱ्या विमानाला वारा सांगायचा, एवढंच त्याचं काम.

त्या दुपारी ढग छपराला टेकले होते आणि वर दोन आसनी विमानात त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ एकटाच घिरट्या घालत होता.

"दाजी, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. वारा कसाय?"

पिशवी खांबाशी लोंबत होती.

"झोपलाय तुझ्यासारखा. ये खाली."

"आलो. ताईला चहा टाकायला सांगा."

तेवढ्यात भोंग्याचं लक्ष काचेकडे गेलं. पाऊस आडवा येत होता. वारा झोपला नव्हता, पिशवीच पाणी पिऊन जड झाली होती!

"उतरू नकोस! वर जा, वर जा!"

विमान तोवर ढगाखाली आलं होतं. वाऱ्यानं त्याचा एक पंख उचलला आणि ते कुंपणावर उलटं आदळलं.

भोंगा चिखलात पडत-उठत पोचला. दार ओढून ओढून बोटं सोलली, पण ते हलेना. फुटक्या काचेतून हात घालून त्यानं पट्ट्याला लटकलेल्या मेहुण्याचा गाल थोपटला.

"अरे, बोल की. निदान शिवी तरी घाल."

छातीवर हात दाबून धरला. हाताला ठोका लागला नाही.

खिशातला फोन वाजला.

"पोचला का हो तो?" बायकोनं विचारलं.

"तू ये," तो म्हणाला. "मीच बोलावलं गं त्याला खाली."