कडुबाची पिशवी आणि अकरा इंची टॅब

टॅब कोणता घ्यावा, असं कडुबा मगरेला चुकूनही विचारू नका. तो आधी हात जोडेल आणि मग शिव्या देईल. त्या एका पाटीएवढ्या वस्तूनं सव्वा महिना त्याचं डोकं खाल्लं होतं.

तसा माणूस साधा. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून आईनं याचं नाव मुद्दाम कडू ठेवलं, कुणाची नजर लागायला नको. तो जगला, मुकुंदवाडीत दोन खोल्या बांधल्या, वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाला. नोकरीत असल्यापासून तो समाजातल्या सोयरिकी जुळवतो. फुकट. लग्नात टॉवेल-टोपी मिळाली की गडी खूश. आजवर एकशे सात लग्नं त्याच्या हातून झाली.

सगळा कारभार एका कापडी पिशवीत. बायोडाटे, फोटो, फोन नंबरांची वही. कुणाच्याही घरी गेला की जयभीम घालायचा, चहा प्यायचा, पिशवीतून एकच कागद काढायचा आणि उरलेली पिशवी मांडीखाली दाबून बसायचा. पत्रिका-बित्रिका बघायची नाही, त्यामुळं सगळा जोर फोटोवर आणि शिक्षणावर.

पण आता कागदी फोटो कोण काढतं? पोरं मोबाईलवर पाठवतात आणि म्हातारी माणसं ते बघू शकत नाहीत. पाचोडला एका आजीनं मोबाईल हातभर लांब धरून कडुबाला विचारलं होतं, "पोरगी हाय का पोरगा?" क्रांती चौकातून एकदा प्रिंट काढून आणली, तर पोरीचं तोंड जांभळं आलं. ते स्थळ तिथंच बारगळलं.

हेही त्यानं सोसलं असतं. पण गोष्ट घरावर आली. मेघा ही त्याच्या वारलेल्या भावाची पोरगी, सहा वर्षांची असल्यापासून त्याच्याकडं वाढलेली. लॅबमध्ये रक्त तपासते, घरात निम्मा पगार देते, वय तीस. नऊ वर्षांत अकरा ठिकाणांहून नकार आले. 'वय जास्त हाय', 'लई शिकलेली हाय', 'बाप नाय'. लोक कडुबाच्या तोंडावर म्हणायचे, दिव्याखाली अंधार. रात्री तो कूस बदलत राहायचा. भावाला शेवटी दिलेला शब्द त्याला टोचायचा.

अशात कन्नड गावचं स्थळ आलं. पोरगा प्रणय, साखर कारखान्यात केमिस्ट. त्याची आई चतुराबाई फोनवर म्हणाली, "कडुबाभाऊ, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. त्या मोबाईलवर मला काय बी दिसत नाय. पोरीचा फोटो मोठा दाखवा, मग बोलू."

झालं. टॅब घ्यायचा ठरलं. बारा हजारांच्या वर एक रुपया नाही.

पोरगा धम्मपाल म्हणाला, "बाबा, घ्यायचाच तर पंचवीस हजाराचा घ्या. दहा वर्षं बघायला नको."

"वरचे तेरा तू देतो का?"

धम्मपालला एकदम ड्यूटीची आठवण झाली.

मग सुरू झाली वणवण. शेजारी म्हणाला सिमवालाच घ्या, विहारातले एक साहेब म्हणाले सिमवाला मुळीच नको. मेव्हणा म्हणाला सेकंडहँड घ्या, त्याच्या पोरानं सांगितलं सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. नाही म्हणायला एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की कडुबाला यातलं काही कळत नाही.

क्रांती चौकातल्या दुकानात सत्यम नावाचा पोरगा होता. त्याची जीभ काही केल्या थांबेना. "काका, ये देखो, आठ जीबी रॅम, एकशे अठ्ठावीस स्टोरेज. गेमिंग भी मस्त चलती."

"मी एकसष्ट वर्षांचा हाय. कोणता गेम खेळू? विटीदांडू?"

"तर मग पेनवाला घ्या. ड्रॉइंग करायला."

"अरे माझ्या बापा, मला लग्नं जुळवायचीत!"

"मग कॅमेरा बघा ना काका, शूटिंगला!"

कडुबानं कपाळावर हात मारला. कुणाला काय पाहिजे ते कुणी विचारतच नव्हतं, जो तो आपल्याकडचं गळ्यात मारायला बघत होता. शेवटी त्यानं मांडलेला एक टॅब उचलला आणि सरळ दाराबाहेर उन्हात निघाला. आमच्या बैठकी अंगणात होतात, उन्हात चेहरा दिसतो का बघू, एवढाच त्याचा हेतू. पण टॅबला मागं तार होती. तार तुटली, भोंगा कोकलला, वॉचमननं त्याची कॉलर धरली आणि अर्धा चौक चोर बघायला गोळा झाला. एकशे सात लग्नं जुळवणारा माणूस भर बाजारात मान खाली घालून उभा राहिला.

घरी येऊन त्यानं पिशवी खुंटीला टांगली आणि जाहीर केलं, "नको तो टॅब. मसणात जाऊ दे."

मेघा तेव्हा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही त्याच्यावर काय काय करणार?"

"फोटो दाखवणार."

"अजून?"

"बायोडाटा दाखवणार."

"अजून?"

"अजून काय? पिठलं करू का त्याच्यावर?"

ती हसली. हात धुऊन कागद घेऊन बसली. फोटो आपल्याच टॅबमध्ये साठवायचे, मग गावात नेटवर्क असो नसो, सिमची गरज नाही, दोन हजार वाचले. गेम नाही, म्हणजे रॅम चार पुरे. स्टोरेज चौसष्ट भरपूर. पैसे घालायचे ते पडद्यावर. मोठा पाहिजे, उन्हात दिसला पाहिजे, दिवसभर बॅटरी टिकली पाहिजे. कव्हर जाड, कारण काका एसटीत पिशवीवरच डोकं ठेवून झोपतात.

"अन् पिशवीत बसला पायजे," कडुबानं आपलं घोडं पुढं दामटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. सत्यमनं कडुबाला ओळखलं आणि वॉचमनकडं बघितलं. पण मेघापुढं त्याची मात्रा चालली नाही. ती फक्त कागदावरचं विचारत होती आणि नको त्याला नको म्हणत होती. कडुबानं चार टॅब पिशवीत घालून बघितले. सत्यमला सोबत घेऊन, रीतसर परवानगी काढून, उन्हातही बघितले. अकरा इंची पसंत पडला, अकरा हजार चारशेला. गिऱ्हाइकानं माल निवडावा तर असा, कुणाच्या बापाची चूक काढायची टाप नव्हती.

मेघानंच त्यात सगळं भरलं. मुलींचे त्रेचाळीस फोटो, मुलांचे शहाऐंशी. "माझा सगळ्यात पहिला ठेवते," ती म्हणाली. "तिथं तुम्हाला शोधत बसायला नको." निळी साडी, लॅबच्या वर्धापनदिनाला काढलेला फोटो. कडुबा किती तरी वेळ बघत राहिला. भावाचेच डोळे होते.

रविवारी तो कन्नडला पोचला. चतुराबाईनं अंगणात बाज टाकली, चहा झाला. कडुबानं पिशवीतून टॅब काढला आणि तिच्या हातात ठेवला. पिशवी सवयीनं मांडीखाली दाबली. तिच्यात आता नुसती पाण्याची बाटली होती.

"अगं बया!" चतुराबाई म्हणाली. "कसं लख्ख दिसतंय! पोरगी लई गुणी दिसती, भाऊ. नाक बघा कसं."

कडुबाचा जीव भांड्यात पडला. आता लग्नाला विहाराची तारीखच काढायची, त्यानं मनात धरलं.

"जरा जवळून बघू," असं म्हणत चतुराबाईनं फोटोतल्या नाकावर बोट ठेवलं आणि ओढलं. मेघा सरकली. तिच्या जागी पिवळ्या ड्रेसातली मोनिका आली, वय चोवीस.

"ही कोण?"

"ती दुसरी, वहिनी. आणा इकडं, मी मागं घेतो."

"ऱ्हाऊ द्या की. बघू द्या." बोट पुन्हा फिरलं. तिसरी आली. चौथी आली. प्रणय उठून आईच्या मागं उभा राहिला, जाऊबाई आली, शेजारीण आली. "आयला, ही चांगली हाय." "थांब, मागं घे, ती पिवळ्या ड्रेसातली बघू." कडुबा हात पुढं करत राहिला आणि टॅब या मांडीवरून त्या मांडीवर फिरत राहिला. पंचवीस वर्षांत त्यानं कुणाच्या हातात पिशवी दिली नव्हती. आज अख्खी पिशवी दिली होती, वर अकरा हजार चारशे मोजून.

त्रेचाळीसही बघून झाल्यावर चतुराबाई म्हणाली, "भाऊ, ती मोनिका कुणाची म्हणायची?"

"वहिनी, पहिली..."

"पहिली बी चांगलीच हाय हो. पण वय जरा."

मध्यस्थानं विचारलेला पत्ता लपवायचा नसतो. त्यानं पत्ता दिला. एसटीत टॅबवर डोकं ठेवून तो झोपला नाही, नुसता स्वतःला शिव्या घालत आला. ऊन बघितलं, बॅटरी बघितली, पिशवी बघितली. बोट नाही बघितलं, गाढवा!

घरी मेघा वाट बघत होती. त्याचं तोंड बघूनच तिला कळलं. तरी त्यानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "पोरी, माझीच चूक झाली. एक कागद नेला असता तर जमलं असतं."

तिनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "अकरा वेळा एकच कागद नेला होता काका. मला तरी कधी दुसऱ्या पोराचा कागद दाखवला का तुम्ही?"

कडुबानं मनातल्या मनात लग्नं मोजली. एकशे सात पोरींची लग्नं लावली, त्यातल्या एकीलाही त्यानं दुसरा कागद दाखवला नव्हता. तसा रिवाजच नव्हता.

मेघानं टॅब ओढून घेतला, भिंतीला टेकून बसली आणि मुलांचे फोटो उघडले. पहिलाच प्रणय. तिनं त्याच्या नाकावर बोट ठेवलं आणि त्याला बाजूला सारलं. दुसरा आला. "हा नको." तिसरा आला. "याचा बायोडाटा नीट नाही." चौथ्यावर ती जरा थांबली, वाचलं, पुन्हा पुढं गेली. कडुबा उंबऱ्यात बसून बघत राहिला. नऊ वर्षांत 'नको' हा शब्द त्यानं तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि तो ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, चार्जर कुठंय?" मान वर न करता ती म्हणाली. "अजून ब्याऐंशी जण राहिलेत."