माझी दाढ आणि तळेऱ्याचे पाहुणे

माझ्या मुलीचं लग्न माझ्या दाढेमुळे मोडायच्या बेतात होतं.

डावीकडची खालची दाढ तीन महिने ठणकत होती आणि मी तिला लवंगेवर पोसत होतो. रूट कॅनाल म्हणजे जबड्यात विहीर खणतात, असं माझं ठाम मत. (मत ठाम होतं, माहिती शून्य!) शेवटी एका सकाळी गार पाणी प्यायलो आणि असा ओरडलो, की बायकोने सरळ रिक्षात कोंबलं.

"चार वाजता मेघनाक बघूक तळेऱ्याची माणसा येतली," सुलभा म्हणाली. "त्यांच्यासमोर असे बोंबलतलात?"

मालवणातली डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिने शांतपणे समजावलं, "काका, दाताच्या आतली नस खराब झालीय. ती काढून आत साफ करायचं, भरायचं. दात तुमचाच राहतो. दोन-तीनदा यावं लागेल, शेवटी वर कॅप. दुखायचं थांबलं म्हणून मधेच सोडू नका. आणि बधिरपणा जाईपर्यंत चहा नको. तोंड भाजलं तरी कळणार नाही."

इंजेक्शन मुंगी चावावी तेवढंच लागलं. पुढे काहीच कळलं नाही. कसं कळणार? अर्धं तोंड माझं नव्हतंच!

घरी पोचलो दुपारी एकला, तर अंगणात गाडी! चारचे पाहुणे हजर! मुलगा, आई, वडील.

"कणकवलीचा काम लवकर आटापला, म्हणान थेट इलो," मुलाचे वडील म्हणाले.

मी हात जोडून "बसा, बसा!" म्हणालो. तोंडातून निघालं, "हसा, हसा!"

कोणी हसलं नाही. मीच हसलो. एकाच बाजूने.

तेवढ्यात मेघना चहा घेऊन आली. यजमानाने नको कसं म्हणायचं? घेतला घोट. तो ओठाच्या कोपऱ्यातून नव्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला. मला पत्ता नाही! मी आपला मान डोलावत "हेघना हार गुणाची" सांगतोय.

मुलाची आई नवऱ्याच्या कानात कुजबुजली, "सकाळीच घेतल्यानी दिसता!"

सुलभा आत डोकं धरून बसली. मेघनाने मात्र ट्रे खाली ठेवला. "काकी, बाबांनी दारू नाय, दातात इंजेक्शन घेतल्यानी! रूट कॅनाल झाला आत्ताच!"

मुलाच्या वडिलांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"रूट कॅनाल? दुखला?"

"नाय."

"खरा सांगा!"

"देवाशफथ नाय!"

"माझी दाढ वर्षभर दुखता ओ," ते हळूच म्हणाले. "भियान गेलंय नाय."

"वर्षभर?" त्यांची बायको किंचाळली. "आणि माका सांगितल्यात उपास धरलो म्हणान?"

मग नस काढतात कशी, कॅप कशाला, सगळं त्यांनी विचारलं आणि मी अर्ध्या तोंडाने सांगितलं. मुलगी बघायची राहूनच गेली. ती आणि मुलगा परसात तासभर बोलत होती, आणि परतली ती पसंती ठरवूनच.

पुढच्या बुधवारी आम्ही दोघे व्याही दवाखान्यात गेलो. त्यांचा नंबर आधी. आतून हूं की चूं नाही. बाहेर आले ते अंगठा दाखवत.

मग मी खुर्चीत बसलो, डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडलो.

डॉक्टरीण म्हणाली, "काका, अजून मी नुसता दिवा लावलाय."