मासोळी झालेला मासा

रामदासपेठेत परवा एका पॅथॉलॉजीच्या दारात फॉर्मॅलिनचा वास आला आणि ऐंशीच्या दशकातली एक दुपार आठवली. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवलेल्या विदूषक माशाचा, म्हणजे क्लाउनफिशचा, केशरी रंग उडून तो उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता, आणि मी घसा कोरडा करून सांगत होतो की प्रवाळात राहणाऱ्या या माशांत मादीच मोठी असते, ती मेली की तिचा नर हळूहळू मादी होतो. मागून एकजण म्हणाला, "मग सर, मासा काहून म्हणता? मासोळी म्हणा ना." वर्ग हसत सुटला, तास वाया गेला. तणतणत घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. "अवो, बाई गेली तर तिचं काम कोणाले तरी करा लागते," ती म्हणाली, "त्यात हसासारखं काय आहे?" मी आणखीच चिडलो. म्हटलं, हे घरकाम नाही, जीवशास्त्र आहे. आता ती नाही. रोज सकाळी मी कणीक मळतो, रोज ती बोटांना चिकटते, आणि त्या बोटभर माशाला सगळं इतकं सहज कसं जमायचं, याचा रोज नव्याने राग येतो.